पाचगणीची सहल वाठार स्टेशनवर का अडते?

सातारा - राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीनंतर महाविद्यालयीन सहलीचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी डिसेंबर-जानेवारीत निघणारी सहल ही स्नेहसंमेलनाची धाकटी बहीण समजली जाई. राज्याने एप्रिल २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा स्वीकारला आणि त्यात 'क्षेत्र प्रकल्पा'ला स्वतंत्र श्रेयांक मिळाले. परिणामी वर्गाबाहेर जाऊन काही पाहणे, नोंदवणे आणि त्यावर अहवाल लिहिणे हा आता गुणपत्रिकेचा भाग झाला आहे. जे ऐच्छिक होते ते आवश्यक झाले, परंतु त्यासाठी लागणारा प्रवास कोणी, कशाने आणि कोणाच्या खर्चाने करायचा, हा प्रश्न महाविद्यालयांवर सोडून देण्यात आला. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांपुरते पाहिले तर या प्रश्नाचे एक उत्तर डोळ्यांसमोर आहे. ते म्हणजे पुणे-मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्ग. आणि हे उत्तर का उपयोगी पडत नाही, हे समजून घेण्यासाठी पाचगणीइतके चांगले उदाहरण नाही.

पाचगणीला रेल्वे नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. माथेरानला १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी चढली आणि त्या गिरिस्थानाचे सारे व्यक्तिमत्त्व त्या गाडीभोवती घडले. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. मात्र रेल्वेशी त्यांचा संबंध नव्हता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १८८०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने पुण्याहून दक्षिणेकडे मीटरगेज मार्ग टाकला, तेव्हा कोरेगाव तालुक्यातील वाठार हे महाबळेश्वरचे प्रवेशद्वार बनले. मुंबई-पुण्याहून येणारा प्रवासी वाठारला उतरे, तेथून टांग्याने वाईला येई आणि मग पसरणीचा घाट चढे. त्या गावाला आजही लोक 'वाठार स्टेशन' असेच म्हणतात. पुढे मोटार आली, रस्ते सुधारले आणि वाठारचे महत्त्व ओसरले. मार्ग ब्रॉडगेज झाला, विद्युतीकरण झाले, दुहेरीकरणाचे मोठे काम हाती घेतले गेले. पण 'महाबळेश्वरसाठी जवळचे स्थानक' ही वाठारची ओळख आता पर्यटन पुस्तिकांपुरतीच शिल्लक राहिली आहे.

वाठार स्टेशनपासून पाचगणी साधारण ४५ किलोमीटर आहे. सातारा स्थानकापासूनही अंतर फार वेगळे नाही. परंतु सातारा स्थानक हे सातारा शहरात नाही. ते शहराच्या पूर्वेला माहुलीकडे आहे. गाडीतून उतरलेल्या विद्यार्थ्याला आधी रिक्षा किंवा शहर बसने मध्यवर्ती बसस्थानक गाठावे लागते आणि तेथून वाई, वाईहून पाचगणी असा प्रवास करावा लागतो. पुण्याहून सातारा रस्त्याने सुमारे ११० किलोमीटर आहे, तर रेल्वेने सुमारे १४५. कारण लोहमार्ग फुरसुंगी, शिंदवणे घाट, जेजुरी, नीरा, लोणंद, आदर्की घाट असा पूर्वेकडून वळसा घालून येतो. या वळशाला इतिहास आणि भूगोल दोन्हींची कारणे आहेत आणि त्याबद्दल रेल्वेला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्याचा परिणाम असा, की पुण्याचा विद्यार्थी साताऱ्यात पोहोचेपर्यंत त्याच वेळी निघालेली खासगी बस खंबाटकी घाट ओलांडून पाचगणीच्या टेबललँडच्या पायथ्याशी उभी असते.

एका दिवसाच्या सहलीत अंतरापेक्षा वेळापत्रक निर्णायक असते. मुंबईचा विद्यार्थी कर्जत-नेरळला किंवा पुण्याचा विद्यार्थी लोणावळ्याला सहज जाऊन येतो, कारण लोकल गाडी चुकली तरी दुसरी येणार असते. पुणे-मिरज मार्गावर ही खात्री नाही. या मार्गावरच्या प्रतिष्ठित गाड्यांची रचना लांबच्या प्रवाशासाठी आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्रीची. कोयना एक्स्प्रेस दिवसाची, पण मुंबईहून सकाळी निघून ती साताऱ्यात पोहोचते दुपार कलताना. कोल्हापूरहून निघणारी कोयना सकाळची असली तरी ती साताऱ्यात दुपारच्या सुमारास येते आणि परतीची कोयना तीन-चार तासांत पुन्हा स्थानकात हजर होते. एवढ्या अवधीत सातारा शहर पाहून होईल, पाचगणी नाही. १६ सप्टेंबर २०२४ रोजी कोल्हापूर-पुणे वंदे भारत एक्स्प्रेस मोठ्या थाटात सुरू झाली. सुरुवातीच्या वेळापत्रकानुसार ती कोल्हापूरहून सोमवार, गुरुवार आणि शनिवारी सुटे, तर पुण्याहून बुधवार, शुक्रवार आणि रविवारी. म्हणजे एकाच दिवशी जाऊन परत येण्याची सोय त्या रचनेतच नव्हती. शिवाय या गाडीला विद्यार्थी सवलत लागू होत नाही. वातानुकूलित गाडीचे स्वागत करणाऱ्यांच्या गर्दीत या गोष्टीची चर्चा झाली नाही, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. विद्यार्थी स्थानकावर हार घेऊन येत नाहीत.

सवलतीचा विषय थोडा तपशिलाने पाहावा लागेल, कारण त्याविषयी महाविद्यालयांमध्येच गैरसमज अधिक आहेत. मार्च २०२० मध्ये करोनाच्या काळात रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांसह बहुतेक सवलती बंद केल्या आणि त्यातील अनेक पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. त्यामुळे विद्यार्थ्यांची सवलतही गेली, असे अनेक प्राध्यापक समजून चालतात. ते खरे नाही. दिव्यांग, रुग्ण आणि विद्यार्थी या तीन वर्गांच्या सवलती कायम राहिल्या. शैक्षणिक सहलीसाठी सर्वसाधारण विद्यार्थ्याला द्वितीय वर्ग आणि शयनयान वर्गात मूळ भाड्याच्या ५० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्याला ७५ टक्के सवलत मिळू शकते. त्यासाठी प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचा विहित नमुना, विद्यार्थ्यांची यादी आणि रेल्वे कार्यालयाचे हेलपाटे लागतात. चाळीस-पन्नास जणांचे एकत्र आरक्षण करायचे तर विभागीय कार्यालयाची पूर्वपरवानगी हा आणखी एक टप्पा येतो.

आता हिशेब करू. पुणे ते सातारा द्वितीय वर्गाचे भाडे शंभर रुपयांच्या आत आहे. त्याच्या निम्मी बचत करण्यासाठी एखाद्या प्राध्यापकाने दोन दिवस कागदपत्रांत घालवायचे का? बहुतेक जण घालवत नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही. करोनानंतर पॅसेंजर गाड्या 'एक्स्प्रेस विशेष' म्हणून धावू लागल्या, किमान भाडे १० वरून ३० रुपये झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा १० रुपयांवर आले, तेव्हा या मार्गावरील रोजच्या प्रवाशांना जो दिलासा मिळाला तो सवलतीच्या नमुन्यापेक्षा कितीतरी मोठा होता. तात्पर्य, रेल्वेचे भाडे हा या सहलीतील अडसर नाही. अडसर आहे तो शेवटच्या ४५ किलोमीटरचा.

तेथे एसटी उपयोगी पडू शकते. शैक्षणिक सहलींसाठी महामंडळ निम्म्या दरात बस देते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या साध्या प्रवासातही ५० टक्के सवलत आहे. त्यामुळे मुलींची संख्या अधिक असलेल्या वर्गाला सातारा-वाई-पाचगणी हा प्रवास नियमित गाडीनेही परवडतो. ग्रामीण भागातील महाविद्यालयांत हे चित्र आता सर्रास आहे. पण वाठार स्टेशनवर गाडी आली म्हणून वाई आगाराची बस तेथे उभी असेल, अशी व्यवस्था नाही. रेल्वेचे वेळापत्रक विभागीय रेल्वे कार्यालय ठरवते, एसटीचे वेळापत्रक आगार ठरवते आणि या दोघांनी एका टेबलाशी बसावे असे कोणाच्या कार्यकक्षेत लिहिलेले नाही. शनिवार-रविवारी सकाळच्या गाडीला जोडून एक आणि संध्याकाळच्या गाडीला जोडून एक, अशा दोनच जोडबस वाठार-वाई-पाचगणी मार्गावर ठेवल्या तरी पुणे आणि सांगली या दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांची सोय होईल. त्यासाठी नवा लोहमार्ग लागत नाही की नवा पूल. मात्र सकाळी लवकर येणारी आणि संध्याकाळी उशिरा जाणारी साधी गाडी हवी. दुहेरीकरणाचा हा लाभ जिल्ह्याने मागून घ्यायला हवा. क्रॉसिंगसाठी गाड्या खोळंबून ठेवण्याची गरज कमी झाली, की वेळापत्रकात मोकळी जागा निर्माण होते. ती जागा मालगाड्यांना मिळणार की सकाळच्या पॅसेंजरला, हा निर्णय तांत्रिक कमी आणि राजकीय अधिक असतो.

हे सारे कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. खासगी बस आहेत, त्या दारात येतात आणि दारात सोडतात. त्याचे उत्तर घाटांमध्ये आहे. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरच्या सहलीला जाताना पोलादपूरजवळच्या आंबेनळी घाटात दरीत कोसळली. त्या बसमधील केवळ एक जण वाचला. ती बस विद्यापीठाची होती, प्रवासी अनुभवी होते आणि दिवस पावसाळ्याचा होता. विद्यार्थ्यांच्या सहलीत याहून कितीतरी धोके एकत्र येतात. पहाटे तीनला निघालेली बस, रात्री परतताना थकलेला चालक, 'आणखी एक ठिकाण' पाहण्याचा आग्रह आणि त्यामुळे अंधारात उतरावा लागणारा घाट. पसरणीच्या घाटातून रविवारी संध्याकाळी उतरणारी वाहनांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे अधिक सांगण्याची गरज नाही. रेल्वेने घाटाचा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, कारण वाईपासून वर रस्त्यानेच जावे लागते. पण दिवसभरात चारशे किलोमीटर बस चालवण्याऐवजी स्थानिक रस्ता रोज पाहणारा एसटीचा चालक ४५ किलोमीटर वर नेतो आणि ४५ किलोमीटर खाली आणतो, हा फरक लहान नाही. रेल्वेच्याही दारात उभे राहणारे विद्यार्थी असतात आणि रूळ ओलांडणारेही, तेव्हा प्राध्यापकाची जबाबदारी संपत नाही.

सहलींविषयीच्या शासकीय दृष्टिकोनावर आणखी एका दुर्घटनेची गडद छाया आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. त्याआधी २०१४ मध्ये हिमाचल प्रदेशातील बियास नदीत हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले होते आणि २०१५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थी सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. मुरुडनंतर राज्यातही नियमांची भर पडली. पालकांची लेखी संमती, सोबत शिक्षक, पाण्याची ठिकाणे टाळणे या अटी योग्यच आहेत. पण नियमांची यादी जितकी लांबली, तितके प्राचार्यांचे 'नाही' सोपे झाले. सहल सुरक्षित कशी करावी याऐवजी सहलच नको, हा निष्कर्ष अनेक ठिकाणी निघाला. आता श्रेयांकांमुळे 'नाही' म्हणता येत नाही, तेव्हा सहल कागदावर होते. जवळच्या बँकेला किंवा साखर कारखान्याला तासाभराची भेट, एक समूह छायाचित्र आणि ठरावीक साच्याचा अहवाल. ज्या विद्यार्थ्याकडे दुचाकी आणि पैसे आहेत तो पाचगणी स्वतः पाहून येतो. ज्याच्याकडे नाहीत त्याला चाळीस-पन्नास किलोमीटरवरचे पठार चित्रातच दिसते.

आणि पाचगणी हे केवळ हवा खाण्याचे ठिकाण नाही. टेबललँड म्हणून ओळखले जाणारे पठार हे बेसाल्टवर चढलेल्या जांभ्या खडकाच्या थराचे उत्तम उदाहरण आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्याला जे आकृतीत शिकवले जाते ते तेथे पायाखाली असते. १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. त्यानंतरची बांधकामे, पाण्याचा ताण आणि पर्यटनाचे अर्थकारण हा राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र दोन्ही विषयांचा प्रकल्प होऊ शकतो. जॉन चेसन या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकात वसवलेले हे गाव निवासी शाळांचे केंद्र कसे झाले, क्षयरोग्यांसाठी ते का निवडले गेले, १९४४च्या जुलैत सुटकेनंतर प्रकृती सुधारण्यासाठी गांधीजी येथे का राहिले, हा इतिहासाचा विषय आहे. मराठीच्या विद्यार्थ्यासाठी तर हा रस्ताच अभ्यासक्रम आहे. खाली वाईत लक्ष्मणशास्त्री जोशींची प्राज्ञपाठशाळा आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय, वर पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगत ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' म्हणून उभे राहिलेले भिलार. मात्र भिलारच्या घराघरांतील कपाटे उघडून बसायला वेळ लागतो, आणि वेळापत्रक नेमका तोच देत नाही.

एकदिवसीय रेल्वे सहलीची कल्पना म्हणून सोडून द्यावी काय? तसे नाही. पाचगणीपुरती ती आज अवघड आहे. पण याच मार्गावर स्थानकाला लागून जे आहे त्याकडे विद्यापीठाचे लक्षच गेलेले नाही. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा हे तिन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आले. त्या तिन्ही जिल्ह्यांना जोडणारा हा एकच लोहमार्ग आहे. वर ज्या कोयना एक्स्प्रेसच्या वेळा पाचगणीसाठी निरुपयोगी ठरल्या, त्याच वेळा कोल्हापूर, मिरज आणि सांगलीच्या विद्यार्थ्याला किर्लोस्करवाडीसाठी जणू मुद्दाम आखल्यासारख्या आहेत. सकाळी कोल्हापूरहून निघालेली गाडी दुपारच्या आत तेथे सोडते आणि परतीची गाडी संध्याकाळी घेऊन जाते. मधला पूर्ण दिवस हाती राहतो.

या स्थानकाचे नाव पूर्वी कुंडल रोड होते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना आणि वसाहत उभी केली. भारतातील सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी ती एक. लोखंडी नांगरापासून मासिकापर्यंत काय काय या माळावरून निघाले, याचा शोध वाणिज्य आणि मराठी या दोन्ही विभागांना घेता येईल. जवळच कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या चळवळीतील प्रमुख गाव. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी लुटली ती याच मार्गावर, शेणोलीजवळ. ज्या रुळांवरून विद्यार्थी येतो त्याच रुळांवर घडलेला हा इतिहास आहे. तो वर्गात एका परिच्छेदात संपतो.

कराडचे स्थानक ओगलेवाडीला आहे. ओगले बंधूंच्या काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील एके काळी महाराष्ट्राच्या घराघरात होता, ही गोष्ट कराडच्याच विद्यार्थ्यांना नव्याने सांगावी लागते. मिरजेला तंतुवाद्ये घडवणाऱ्यांच्या गल्ल्या स्थानकापासून दूर नाहीत. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा वाळवण्यापासून जवारी लावण्यापर्यंतचे काम पाहण्यासाठी संगीताचाच विद्यार्थी असावे लागते असे नाही. उलट दिशेने पुण्याच्या विद्यार्थ्याला जेजुरी आहे. वाटेतल्या शिंदवणे आणि आदर्की घाटांतील बोगदे अभियांत्रिकीच्या मुलांनी एकदा तरी नकाशा हातात घेऊन पाहावेत असे आहेत.

अशा सहलींसाठी विद्यापीठाने फार मोठे काही करण्याची आवश्यकता नाही. सवलतीचा नमुना प्रत्येक प्राचार्याने स्वतंत्रपणे शोधण्याऐवजी विद्यार्थी विकास विभागाने तो वर्षातून एकदा रेल्वेच्या पुणे विभागाशी बोलून सर्व महाविद्यालयांसाठी निश्चित करावा. पुणे ते कोल्हापूर हा संपूर्ण मार्ग त्या एकाच विभागात असल्यामुळे दोन कार्यालयांतील टोलवाटोलवीची सबबही नाही. साताऱ्यात २०२१ पासून रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आहे. या समूह विद्यापीठाला वाई आणि पाचगणीसाठी एसटीच्या सातारा विभागाकडे जोडबसची मागणी करता येईल. 'कमवा आणि शिका' ही परंपरा सांगणाऱ्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना खासगी बसचे भाडे परवडत नाही, हे त्या संस्थेला कोणी सांगावे लागणार नाही. रेल्वेच्या विभागीय प्रवासी सल्लागार समित्यांवर जिल्ह्यातील प्रतिनिधी असतात. त्यांच्या मागण्यांत आजवर नव्या एक्स्प्रेसचे थांबे वरच्या क्रमांकावर राहिले आहेत. वाठार स्टेशनला सकाळी थांबणाऱ्या एका साध्या गाडीची वेळ एसटीच्या वेळेशी जुळवून घ्यावी, ही मागणी त्या यादीत चढली तर तिला खर्चाचे कारण देऊन नकार देणे रेल्वेला कठीण जाईल.